खोंड तीन वर्षांचा की चार?

गुरांच्या बाजारात खोंडाचं वय ठरवायला जन्मदाखला लागत नाही. गिऱ्हाईक पुढे होतं, एका हाताने नाकपुडी धरतं, दुसऱ्या हाताने खालचा ओठ ओढतं आणि दात बघतं. दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळलेला. अर्ध्या मिनिटाचं काम. गुरं विकणाऱ्या कुठल्याही मुलखात हे ज्ञान पोरासोरांनाही असतं, आणि आयर्लंड तर गुरांवरच जगणारा देश.

तरीही आयर्लंडच्या लिमरिक काउंटीत, पूर्वेकडच्या गावांत, दोन तट पडले ते म्हणे एका खोंडाच्या वयावरून. एक म्हणाला तीन वर्षांचा, दुसरा म्हणाला चार. शब्दाला शब्द वाढला, काठ्या निघाल्या, डोकी फुटली. पुढे तटांची नावंच पडली 'तीन वर्षांचे' आणि 'चार वर्षांचे'. बापाचा तट तोच पोराचा, पोराचा तोच नातवाचा. खोंड कधीच मेला असणार. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही त्या भागात तीनवाले चारवाल्यांना गाठून बडवत होते.

दात का नाही बघितले कुणी?

हा प्रश्न धरून बसलं की आयर्लंडच्या इतिहासातलं एक विचित्र प्रकरण बऱ्यापैकी उलगडतं. इंग्रजीत त्याला 'फॅक्शन फाइट' म्हणतात. मराठीत 'तटांची लढाई' म्हणू. गावात तट पडणे हा आपला जुना वाक्प्रचार आहे आणि इथे तो चपखल बसतो.

आधी एक गैरसमज बाजूला करू. आयर्लंड आणि मारामारी हे दोन शब्द एकत्र आले की आपल्या डोळ्यांसमोर कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट येतं. तो झगडा खरा आहे, पण वेगळा, आणि मुख्यतः उत्तरेकडचा. तटांच्या लढाया सगळ्यात जास्त झाल्या त्या दक्षिणेला, मन्स्टर प्रांतात: टिपररी, लिमरिक, केरी, कॉर्क, वॉटरफर्ड. तिथे दोन्ही बाजूंना कॅथलिकच. एकाच चर्चमध्ये, एकाच पाद्र्यासमोर रविवारी गुडघे टेकणारे. एकच बोली, तेच बटाटे, तोच जमीनदार. आणि जत्रेच्या दिवशी एका बाजूला तीनशे, दुसऱ्या बाजूला चारशे, हातात काठ्या. कधी आकडा हजारांवर जाई. अठराव्या शतकाच्या शेवटापासून पुढची पन्नासेक वर्षं हे जोरात चाललं. 1805 ते 1840 हा त्याचा ऐन भर.

जत्रेचा दिवस

दिवस ठरलेला असे. गुरांचा बाजार, घोड्यांच्या शर्यती, किंवा गावच्या संताचा दिवस. तिकडे या संताच्या दिवसाला 'पॅटर्न' म्हणत. पवित्र झऱ्याभोवती प्रदक्षिणा घालायच्या, प्रार्थना म्हणायच्या आणि दुपारनंतर नाचगाणं, खरेदी-विक्री आणि तंबूतली दारू. आपल्याकडच्या उरुसाला जाणाऱ्या माणसाला हे काही नवीन वाटणार नाही. सकाळी देव, दुपारी बाजार.

संध्याकाळकडे, सौदे उरकले, पैसे हातात आले, दोन घोट पोटात गेले की एखादा गडी रस्त्याच्या मधोमध येई. काठी डोक्याभोवती गरगर फिरवत, उड्या मारत, आपल्या घराण्याच्या नावाचा पुकारा करी आणि समोरच्या घराण्याचा उद्धार. याला 'व्हीलिंग' म्हणत. आपला पैलवान शड्डू ठोकतो ना, तेच. फरक इतकाच की इथे शड्डू एकट्याच्या नव्हे, सगळ्या भावकीच्या नावाने. दुसरी रीत आणखी मजेशीर. अंगातला कोट काढायचा, एक बाही धरून तो धुळीतून फरफटत न्यायचा आणि ओरडायचं की आहे का कुणी माईचा लाल जो या कोटावर पाय देईल. पाय देणारा मिळेच. न मिळाला तर दिवस फुकट गेल्यासारखं वाटे.

मग शिस्तीत, होय शिस्तीतच, सुरुवात होई. पुढे नाणावलेले काठीबहाद्दर, मागे बाकीचे. बायका घरी बसत नसत. मोज्यात किंवा पदराच्या टोकात दगड बांधून त्या मैदानात उतरत, आणि पुरुषाने बाईवर काठी उगारायची नाही असा संकेत असल्यामुळे त्यांचा मारा एकतर्फी चाले. हा संकेत प्रत्येक वेळी पाळला गेला असेल असं मला वाटत नाही, पण होता हे खरं.

दुसऱ्या दिवशी त्याच माणसांना एकमेकांच्या शेजारी बटाटे काढायचे असत. काढतही. बाहेरून आलेल्या प्रवाशांना याचं फार नवल वाटे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी निष्कर्ष काढला की आयरिश माणूस जात्याच भांडखोर. हा निष्कर्ष लिहून मोकळं होणं सोपं होतं. साहेबाच्या प्रवासवर्णनांत आपल्याबद्दलही असले बरेच निष्कर्ष सापडतात.

काठी

आता ती काठी जरा हातात घेऊन बघू. जगाला ती 'शिलेली' या नावाने माहीत आहे. विकलो काउंटीत याच नावाचा एक भाग आहे, ओकच्या जंगलासाठी एके काळी प्रसिद्ध असलेला, आणि नाव तिथून आलं असं सहसा सांगतात. आयरिश भाषेत साधा शब्द 'बाता', म्हणजे काठी.

ओक, अ‍ॅश, हॉली, कशाचीही चाले, पण मान ब्लॅकथॉर्नला. आलुबुखाऱ्याच्या कुळातलं हे काटेरी झुडूप तिथे बांधाबांधावर उगवतं. चिवट, जड आणि वाढायला हट्टी. हिवाळ्यात झाडातला रस उतरला की सरळ फांदी निवडायची आणि बुडाची गाठ सोडवून ती मुळापाशी तोडायची. काटे छाटायचे, साल ठेवायची. मग लोणी किंवा चरबी चोळून चुलीच्या धुराड्यात टांगायची. महिनोन् महिने. धुराने आणि काजळीने ती काळीभोर होई, लाकूड चिरत नसे. काही उत्साही मंडळी बुडाची गाठ आतून पोखरून तिच्यात वितळलेलं शिसं ओतत. अशी काठी डोक्यात बसली की प्रकरण वैद्याकडून पाद्र्याकडे जाई.

धरायची पद्धतही बघण्यासारखी. आपण सोटा टोकाला धरतो. आयरिश काठीबहाद्दर गाठ वर ठेवून खालच्या टोकापासून साधारण एक तृतीयांशावर मूठ आवळी. वरचा लांब भाग मारायला, आणि खालचा तुकडा कोपराच्या बाजूने राहून हाताची ढाल. मनगटाच्या झटक्याने वार. हे शिकायला वर्षं लागत, आणि शिकवणारे वस्तादही असत.

काठीच का, याला एक रोकडं कारण आहे. 1695 च्या कायद्याने कॅथलिकांना शस्त्र बाळगायला बंदी घातली होती. पुढे शंभरएक वर्षांनी ती सैल झाली, पण गरिबाच्या घरी तलवार-बंदूक येणार कुठून? काठीवर मात्र कुठल्या सरकारला बंदी घालता येते? म्हाताऱ्याला टेकायला लागते, गुराख्याला हाकायला लागते.

परिणाम मोजायला लिमरिकच्या एका डॉक्टरची साक्ष काढू. सिल्व्हेस्टर ओ'हॅलोरन हे तिथले नामांकित शल्यचिकित्सक. डोक्याच्या जखमांवर त्यांनी 1793 मध्ये एक ग्रंथ छापला. त्यात ते म्हणतात की डोक्याला झालेल्या इजा अभ्यासायला गेली पन्नास वर्षं आयर्लंडइतकं, त्यातही मन्स्टरइतकं भरपूर साहित्य पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे मिळालं नसेल. दोष त्यांनी दिला लोकांच्या तापट स्वभावाला आणि स्वस्त दारूला. कवटीला भोक पाडून आतला दाब मोकळा करायच्या शस्त्रक्रियेत त्यांचा हात बसला होता तो अशा रुग्णांवर. तट लढत होते आणि वैद्यकशास्त्र पुढे जात होतं.

पण लढत का होते?

तेव्हाच्या आयर्लंडची जमिनीची उतरंड डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात वर जमीनदार, बहुतेक इंग्रज वंशाचा आणि प्रोटेस्टंट, अनेकदा लंडनला किंवा डब्लिनला राहणारा. त्याच्याकडून मोठा तुकडा मक्त्याने घेणारा मध्यस्थ. त्याच्याखाली बऱ्यापैकी शेतकरी. त्याच्याखाली छोटं कूळ. आणि तळाला झोपडीभोवतीच्या चिमूटभर जमिनीत बटाटे लावणारा मजूर, जो त्या चिमटीचा खंड रोखीने देई किंवा अंगमेहनतीने फेडी. 1841 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे 82 लाख भरली. साठ वर्षांपूर्वीपेक्षा जवळजवळ दुप्पट. जमीन तेवढीच.

अशा ठिकाणी एखाद्या कुळाची मुदत संपली, एखादा बेदखल झाला, एखादी विधवा एकटी राहिली, की त्या तुकड्यावर पाच जणांचा डोळा. कोर्ट इंग्रजीत चालणार, वकील पैसे मागणार, मॅजिस्ट्रेट म्हणजे जमीनदारच किंवा त्याचा मेहुणा. मग तुमच्या बाजूने कोण? भावकी. चुलते, मावसभाऊ, सोयरे, आणि त्यांचे शेजारी. ज्याच्या मागे जत्रेत तीनशे काठ्या उभ्या राहतात त्याच्या शेजारची जमीन वाढीव खंडाने बळकवायला सहसा कुणी धजत नाही. जत्रेतली लढाई म्हणजे ही ताकद वर्षातून दोन-चारदा सगळ्यांसमोर मोजून दाखवणं. तिथे खोंडाचे दात मोजायचे नव्हते, माणसं मोजायची होती. खोंड निमित्ताला धनी.

हे एकदा लक्षात आलं की बाकीची नावंही गमतीची वाटेनाशी होतात. कुणी 'काळ्या कोंबड्या', कुणी 'मॅगपाय' म्हणजे एक काळापांढरा पक्षी. वरवर पोरखेळ. खाली सातबारा.

यातलं सगळ्यात गाजलेलं भांडण कॅराव्हॅट आणि शॅनव्हेस्ट यांचं. 1806 ते 1811 या काळात टिपररी, वॉटरफर्ड, किलकेनी, लिमरिक असा मोठा मुलूख त्यांनी हादरवून सोडला. नावांची गोष्ट अशी सांगतात: निकोलस हॅन्ली नावाच्या एका दांडगेश्वराला क्लॉनमेल गावात फाशीची शिक्षा झाली. हॅन्ली कपड्यांचा शौकीन, गळ्यात रुमाल बांधून ऐटीत फिरणारा. त्याचा वैरी पॉडीन गार म्हणाला की हॅन्लीच्या गळ्यात तो शेवटचा रुमाल, म्हणजे फास, बघितल्याशिवाय मी इथून हलायचा नाही. गळ्यातल्या रुमालाला 'क्रॅव्हॅट' म्हणतात, म्हणून हॅन्लीचे लोक कॅराव्हॅट. आणि पॉडीन गारच्या अंगात कायम एक जुनं जाकीट. आयरिशमध्ये 'शॅन' म्हणजे जुनं, म्हणून त्याचे लोक शॅनव्हेस्ट. गोष्ट झकास आहे. जरा जास्तच झकास आहे, पण नावांचा अर्थ तोच.

बराच काळ इतिहासकारही या दोघांकडे खोंडाच्याच गोष्टीसारखं बघत. 1980 च्या दशकात पॉल रॉबर्ट्स या इतिहासकाराने कोर्टाचे आणि सरकारी कागद चाळून वेगळंच चित्र मांडलं. त्याच्या मते कॅराव्हॅट हे मुख्यतः मजूर आणि अगदी छोटे शेतकरी. ते फक्त जत्रेत लढत नव्हते. मजुरी इतकी द्या, बटाट्याच्या जमिनीचा खंड इतकाच घ्या, बाहेरचे मजूर आणू नका, अशा धमक्या देत हिंडत होते. शॅनव्हेस्ट म्हणजे त्याच भागातले खाऊनपिऊन सुखी शेतकरी, दुकानदार, दारूवाले, आणि त्यांची माणसं. नेपोलियनच्या युद्धाने धान्याचे भाव चढले होते. विकणाऱ्याची चंगळ होती आणि विकत घेऊन खाणाऱ्याचे हाल. म्हणजे ही घराण्यांची नव्हे, आहे-रे आणि नाही-रे यांची लढाई. 1811 मध्ये सरकारने खास न्यायाधीश पाठवून खटले चालवले तेव्हा ती जरा थंडावली.

यावर सगळ्यांचं एकमत झालं असं नाही. दुसरा पक्ष म्हणतो की प्रत्येक डोकेफोडीत अर्थशास्त्र शोधू नका. खूपशा लढाया ही निव्वळ करमणूक होती, कुस्तीच्या फडासारखी, आणि कोर्टंही तिच्याकडे तसंच बघत. लढाईत माणूस मेला तर खुनाचा आरोप क्वचित टिके. सदोष मनुष्यवध, काही महिन्यांची कैद, प्रकरण मिटलं. साक्षीदारांनी काही पाहिलेलं नसेच.

मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे, फक्त वेगवेगळ्या गावांबद्दल. करमणूक होती हे नाकारण्यात अर्थ नाही. एरवी वर्षभर मान खाली घालून राहणाऱ्या माणसाला त्या एका दुपारी मान वर करायला मिळे. पण कोणाविरुद्ध उभं राहायचं ते करमणूक ठरवत नव्हती.

सरकार कुठे होतं?

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. तटांच्या लढाया लपूनछपून होत नव्हत्या. तारीख, जागा, दोन्ही बाजूंचे म्होरके, सगळं जाहीर. तरी कित्येक मॅजिस्ट्रेट त्या दिवशी तिकडे फिरकत नसत. पोलीस असलेच तर गावाच्या वेशीवर. हिशेब साधा: ही माणसं एकमेकांची डोकी फोडतायत तोवर जमीनदाराच्या वाड्याकडे वळणार नाहीत. काही जमीनदारांना तर आपल्या कुळांचा तट जिंकला याचा अभिमानही वाटे.

हा हिशेब किती पक्का होता ते 1828 मध्ये दिसलं. डॅनियल ओ'कॉनेल यांची कॅथलिक हक्कांची चळवळ तेव्हा टिपेला पोहोचली होती. कॅथलिक माणसाला ब्रिटिश संसदेत बसता येत नव्हतं. तरी त्या जुलैत ओ'कॉनेल क्लेअर काउंटीतून निवडणुकीला उभे राहिले आणि निवडून आले. चळवळीच्या लोकांनी आणि पाद्र्यांनी टिपररीतल्या तटांच्या म्होरक्यांना एकत्र बसवलं. पिढ्यान् पिढ्यांच्या वैऱ्यांनी हातात हात दिले. आणि मग त्या उन्हाळ्याच्या अखेरीला काय झालं? तेच हजारो लोक, हिरवे कपडे, हिरवे झेंडे, बँड, रांगा धरून एका गावातून दुसऱ्या गावात संचलन करू लागले. कुणी कुणाला मारलं नाही. कुणी फारशी दारूही प्यालं नाही.

सरकार हादरलं. आजवर हजारो माणसं काठ्या घेऊन जमली तेव्हा झोप लागत होती. आता तीच माणसं न भांडता जमली तर झोप उडाली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अशा मेळाव्यांवर बंदीचा हुकूम निघाला. ओ'कॉनेल यांनाही हे प्रकरण हाताबाहेर जाईल असं वाटत होतं. त्यांनी स्वतःच लोकांना घरी जायला सांगितलं, आणि लोक गेले. पुढच्या वर्षी, 1829 मध्ये, कॅथलिकांना संसदेची दारं उघडली. पण खंड कमी झाला नाही, जमीन वाढली नाही. काही वर्षांत जत्रांमध्ये पुन्हा काठ्या फिरू लागल्या. तहाच्या वेळी हस्तांदोलन केलेल्या माणसांच्या पोटातली भूक तशीच होती.

बॅलीइयाचा किनारा

पुन्हा फिरलेल्या काठ्यांमधली सगळ्यात वाईट 24 जून 1834 ची. केरी काउंटीत बॅलीबनियनजवळ कॅशन नदी समुद्राला मिळते. तिथल्या बॅलीइयाच्या वाळूवर दरवर्षी सेंट जॉनच्या दिवशी घोड्यांच्या शर्यती होत. एका बाजूला लॉलर आणि मल्विहिल घराण्यांचा तट, दुसऱ्या बाजूला कुलीन्स. या नावाचा आपल्या 'कुलीन' शब्दाशी संबंध नाही, आणि त्या दिवशी दोन्हीकडून जे झालं त्यात कुलीन काही नव्हतं.

कुलीन्सची बरीच माणसं नदीपलीकडून होड्यांनी आली. अंगावर चालून जाणारे तेच होते, आणि आधी त्यांची सरशीही झाली. पण समोरची संख्या मोठी होती. दोन्ही बाजू धरून जवळजवळ तीन हजार लोक त्या वाळूवर होते असं म्हणतात. लॉलर-मल्विहिलवाले सावरले आणि उलटले. कुलीन्स पळत सुटले ते होड्यांकडे. भेदरलेली माणसं, एका होडीत मावतील त्याच्या दुप्पट. होडी कलंडली. पाण्यात गटांगळ्या खाणाऱ्या माणसांवर काठावरून दगड पडत राहिले, आणि जे पोहत काठाला लागले त्यांच्या डोक्यात काठ्या. वीसच्या आसपास माणसं गेली, बहुतेक बुडून.

इथे नेहमीचे सगळे संकेत मोडले होते. पडलेल्याला मारायचं नाही, पळणाऱ्याचा पाठलाग करायचा नाही, हे कुठेच लिहिलेलं नसतं, पण ते असतं म्हणून खेळ खेळ राहतो. चौकशी बसली. दंगल होणार हे आधी ठाऊक असताना अधिकाऱ्यांनी काय केलं, हा प्रश्न या वेळी मोठ्याने विचारला गेला.

थांबलं कसं

एका कारणाने नाही. 1835 मध्ये टॉमस ड्रमंड नावाचा स्कॉटिश अधिकारी डब्लिनमध्ये अंडर-सेक्रेटरी म्हणून, म्हणजे रोजच्या राज्यकारभाराच्या खुर्चीवर, आला. जमीनदारांना सुनावणारा माणूस: मालमत्तेला हक्क असतात तशी कर्तव्यंही असतात, हे त्याने 1838 मध्ये टिपररीच्या मॅजिस्ट्रेटांना लेखी कळवलं. त्याने लढायांकडे काणाडोळा करायची रीत बंद केली. 1836 मध्ये देशभरची पोलीस दलं एका छत्राखाली आणून आयरिश कॉन्स्टॅब्युलरी उभी राहिली होती. जत्रा असेल तिथे ते पोलीस आधीपासून हजर राहायचे, आणि वेशीवर नाही, मैदानात.

या पोलीस दलाचा आपल्याशी एक धागा आहे. 1843 मध्ये चार्ल्स नेपियरने सिंध जिंकल्यावर तिथे आयरिश धर्तीवर पोलीस उभे केले: सैन्यापासून वेगळे, स्वतःच्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली. सिंधचा तो नमुना मुंबई इलाख्याने उचलला आणि 1853 मध्ये जिल्ह्याजिल्ह्याला पोलीस अधीक्षक आला. आजच्या सातारा-सोलापूरच्या एसपी ऑफिसची वंशावळ मागे नेत गेलं तर ती टिपररीच्या जत्रेपर्यंत पोहोचते.

दारूचंही एक. कॉर्कचे फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी 1838 मध्ये दारू सोडण्याची शपथ द्यायला सुरुवात केली आणि काही वर्षांत लाखो आयरिश लोकांनी ती घेतली. जत्रेतले तंबू ओस पडले. शुद्धीवर असलेला माणूस आपला कोट धुळीतून सहसा ओढत नाही.

आणि मग 1845 मध्ये बटाट्यावर रोग पडला. सुमारे 10 लाख माणसं उपासमारीने आणि साथीने मेली, 10 लाखांहून जास्त देश सोडून गेली. 1851 च्या जनगणनेत 82 लाखांचे 65 लाख झाले होते. सगळ्यात जास्त मेले ते उतरंडीच्या तळाचे, चिमूटभर जमिनीवर जगणारे. जत्रेत ज्यांच्या काठ्या मोजल्या जायच्या त्या झोपड्याच राहिल्या नाहीत. तटांच्या लढाया कोणी संपवल्या या प्रश्नाला पोलीस आणि पाद्री आपापलं नाव पुढे करतात. माझ्या लेखी सगळ्यात मोठा वाटा दुष्काळाचा आहे, आणि त्याचं श्रेय घ्यायला कोणी पुढे येत नाही.

जे बाहेर गेले त्यांनी तट बरोबर नेले, दुष्काळाच्या आधीही. अमेरिकेत मेरीलँड राज्यात चेसापीक-ओहायो कालवा खोदायला आयरिश मजूर होते. जानेवारी 1834 मध्ये तिथे कॉर्ककडच्यांची आणि लाँगफर्डकडच्यांची जुंपली, माणसं मेली, आणि अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी सैन्य धाडलं. अमेरिकेत मजुरांचा तंटा मिटवायला केंद्राने फौज वापरल्याची ही पहिली वेळ. वरवर पाहता तेच: अमका परगणा विरुद्ध तमका परगणा. पण कालव्याची कंपनी पैशांअभावी डळमळत होती, काम कमी होतं, आणि कोणत्या टापूवर कोणाची माणसं लागणार हा सवाल होता. तिथे खोंड नव्हता, तरी भांडण ओळखीचं होतं.

मायदेशी मात्र पूर्व लिमरिकचे तीनवाले-चारवाले आणखी काही दशकं टिकून राहिले, जत्रांमधून कमी कमी होत. 1 नोव्हेंबर 1884 ला टिपररीतल्या थर्ल्स गावी, हेज हॉटेलात, मायकल क्युसॅक आणि आणखी काही मंडळी जमली आणि गेलिक खेळांची संघटना स्थापन झाली. तिचा क्लब गावच्या पॅरिशवर आधारलेला: तुमचं चर्च ते तुमची टीम. हर्लिंग नावाचा जुना खेळ, हातात पुन्हा अ‍ॅशच्या लाकडाची वळणदार काठी, समोर पुन्हा शेजारचं गाव. सुरुवातीच्या सामन्यांत चेंडूइतकेच फटके नडगीलाही बसत. पण शिट्टी वाजली की थांबायचं असे.

आणि ब्लॅकथॉर्नची ती काळी काठी? ती आता डब्लिनच्या दुकानांत मिळते. चकचकीत व्हार्निश, मुठीला हिरवी फीत, फितीवर तीन पानांचं शॅमरॉक. आत शिसं नसतं.